वडिलांच्या लग्नातली जागा

इंदूर शहरात खान नदीच्या काठी लालबाग राजवाडा उभा आहे. १८८६ साली त्याचे बांधकाम सुरू झाले आणि तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकीर्दीत, १९२१ साली, ते पुरे झाले. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवरचे त्याचे लोखंडी दरवाजे पाहायला आजही लोक येतात, झुंबरे आणि रंगविलेली छते पाहतात आणि परत जातात. परंतु या वाड्याच्या घराण्याने एक असा प्रश्न अनुभवला आहे, की जो आज पुष्कळ साध्यासुध्या घरांपुढेही उभा राहू लागला आहे. आई किंवा वडील उतारवयात, परक्या देशातल्या किंवा परक्या रीतीच्या जोडीदाराशी लग्न करतात, तेव्हा त्या लग्नात मुलांची जागा कोणती?

आपल्याकडे आईबापांचे लग्न हा मुलांच्या दृष्टीने ऐकीव इतिहास असतो. पिवळ्या पडलेल्या छायाचित्रातून आणि आत्याबाईंच्या आठवणींतून तो कळतो. त्या मांडवात आपण स्वतः उभे राहावे, हे मनाला चमत्कारिक वाटते. आणि म्हणूनच लालबागची हकीकत पुन्हा एकदा ध्यानात घेण्याजोगी आहे.

तुकोजीरावांनी २६ फेब्रुवारी १९२६ रोजी गादीचा त्याग केला. मुंबईच्या बावला खून प्रकरणाचे सावट त्यामागे होते. पुत्र यशवंतराव गादीवर आले, तेव्हा ते अजून अज्ञान होते. त्यानंतर दोन वर्षांनी तुकोजीरावांनी अमेरिकेतील सिॲटल गावच्या नॅन्सी मिलर या तरुणीशी विवाह करण्याचे ठरविले. तुकोजीरावांचे वय सदतीस, वधूचे वीस. वधू १९०७ सालची आणि यशवंतराव १९०८ सालचे. म्हणजे सावत्र आई मुलाहून अवघी एका वर्षाने मोठी!

हा विवाह नुसत्या नोंदणीने उरकता आला नसता. होळकर घराण्याला तो आपल्या रीतीने व्हायला हवा होता, आणि तेथेच अडचण होती. हिंदू विवाहविधीत वधूला कुळ लागते, गोत्र लागते आणि तिचे दान करणारे आईबाप लागतात. सिॲटलच्या मुलीजवळ यांतले काहीच नव्हते. तेव्हा एकेक पायरी बांधण्यात आली. प्रथम नाशिक येथे, करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते तिला हिंदू धर्माची दीक्षा मिळाली. सनातनी मंडळींचा त्यास विरोध झाला, पण दीक्षा झाली. तिचे नाव शर्मिष्ठा ठेवण्यात आले. नंतर धनगर समाजातील एका कुटुंबाने तिला कन्या म्हणून दत्तक घेतले. आणि मग १७ मार्च १९२८ रोजी, नर्मदाकाठच्या बडवाह येथे लग्न लागले.

या क्रमाकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. दीक्षेने धर्म मिळाला, दत्तकविधानाने माहेर मिळाले आणि सप्तपदीने सासर मिळाले. परंपरागत विवाहविधी म्हणजे केवळ दोन व्यक्तींचा करार नव्हे. परक्या माणसाला घरात आणण्याची ती एक वाट आहे आणि तिच्यातली एकही पायरी गाळता येत नाही. शर्मिष्ठा हे नावही मोठे बोलके आहे. महाभारतातील शर्मिष्ठा ही असुरराजाची कन्या. ती ययातीच्या घरात बाहेरून आली, आणि तिच्याच मुलाने, पूरूने, पुढे वंश चालविला.

बाहेरून आलेल्या व्यक्तीला घरात जागा मिळते की नाही, याचा परिणाम पुढच्या पिढीला भोगावा लागतो, हेही याच घराण्यात दिसून आले. यशवंतरावांच्या पहिल्या पत्नी संयोगितादेवी १९३७ साली निवर्तल्या. त्यांची कन्या उषादेवी तेव्हा चार वर्षांचीही झालेली नव्हती. पुढे यशवंतरावांनी दोन विवाह केले आणि ते दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी. म्हणजे एका लहान मुलीने वडिलांचे घर दोनदा नव्याने मांडले जाताना पाहिले. १९४४ साली त्यांना रिचर्ड हा मुलगा झाला. परंतु १९६१ साली यशवंतराव वारल्यावर वारसा उषादेवींकडे गेला, कारण रिचर्ड यांची आई भारतीय नव्हती. तथापि घर म्हणजे केवळ गादी नव्हे. याच रिचर्ड होळकरांनी आपल्या पत्नीसह १९७९ च्या सुमारास महेश्वर येथे रेहवा ही संस्था उभी केली आणि अहिल्यादेवींच्या गावातील हातमागांना नवे बळ दिले. गादी ज्याला मिळाली नाही, त्याने घराण्याचा वारसा दुसऱ्या मार्गाने सांभाळला.

आज असे प्रसंग राजवाड्यांपुरते राहिलेले नाहीत. नोकरी, व्यापार आणि प्रवास यांमुळे माणसे दूर जातात. विधुर झालेले वडील किंवा एकाकी राहिलेली आई परदेशी जोडीदार निवडते आणि एके दिवशी मुलांच्या हाती निमंत्रण पडते. समजा, ते थायलंडमधील पारंपरिक लग्नाचे आहे. तेथे जाऊन करायचे काय? आपण तेथे अगदीच परके ठरणार काय?

थाई लग्न जवळून पाहिले, तर मराठी माणसाला पुष्कळ ओळखीच्या खुणा सापडतात. सकाळी भिक्षू येतात. त्यांची संख्या विषम असावी असा संकेत आहे, बहुधा ते नऊ असतात. ते पालीतून परित्राणपाठ म्हणतात, आणि पांढऱ्या सुताचा एक धागा त्यांच्या हातांतून ओवलेला असतो. इंदूरजवळच्या महू गावी डॉ. आंबेडकरांचा जन्म झाला. १९५६ च्या धर्मांतरानंतर मराठी बौद्ध कुटुंबांच्या लग्नांत त्रिशरण आणि पंचशील पालीतूनच म्हटले जाते. तेव्हा ही भाषाही आपल्या कानांना सर्वस्वी नवी नाही. मात्र भिक्षू लग्न लावीत नाहीत. ते आशीर्वाद देतात, त्यांना भोजन आणि दान दिले जाते आणि ते निघून जातात.

नंतर वराची मिरवणूक येते. तिला खान माक म्हणतात. खान म्हणजे वाडगा आणि माक म्हणजे सुपारी. सुपारी आणि विड्याची पाने घेऊन वरपक्ष वधूच्या दारी येतो. सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरले, असे म्हणणाऱ्या आपल्या लोकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. दाराशी वधूपक्षाची मंडळी साखळ्या आडव्या धरून उभी राहतात. कोणी तिला चांदीचा दरवाजा म्हणतात, कोणी सोन्याचा. पाकीट दिल्याशिवाय वाट मिळत नाही. आपल्याकडे कानपिळी घेणारा वधूचा भाऊ आणि जोडे लपविणाऱ्या मेव्हण्या याच कुळातल्या!

मुख्य विधी पाण्याचा. वधूवर जवळजवळ बसतात. दोघांच्या मस्तकांवर सुताची एकेक वेटोळी ठेवतात आणि ती एकाच धाग्याने जोडलेली असतात. तिचे थाई नाव मोंगखोन, म्हणजे आपलाच मंगल शब्द. आपल्या मुंडावळ्यांची येथे आठवण होते. दोघे हात जोडून पुढे धरतात आणि वडीलधारी माणसे एकामागून एक येऊन शंखातून त्या हातांवर पाणी सोडतात व कानाशी दोन शब्द आशीर्वादाचे बोलतात. पाणी खाली फुलांच्या पात्रात पडते. हा शंख ब्राह्मणी विधीतून आलेला आहे. बँकॉक येथे १७८४ साली बांधलेले ब्राह्मणांचे देवस्थान आजही असून राजदरबाराचे ब्राह्मण तेथे आहेत.

आता मुलांच्या जागेकडे येऊ. शंखातून पाणी सोडण्याचा मान जुन्या रीतीप्रमाणे वधूवरांहून वडील असणाऱ्यांचा. आशीर्वाद मोठ्यांनी लहानांना द्यावयाचा असतो. अलीकडे पुष्कळ ठिकाणी सर्वांनाच बोलावतात, तथापि मूळचा संकेत हा आहे. म्हणजे मुलाने वडिलांच्या लग्नाला संमती द्यावी किंवा आशीर्वाद द्यावा, अशी अपेक्षा परंपरा करीतच नाही. हे ओझे ती मुलावर घालीत नाही. त्याने मिरवणुकीत सुपारीचे तबक धरावे, दाराची साखळी धरावी, हात जोडून नमस्कार करावा, इतकेच. ते साक्षीचे काम आहे. वसईच्या कॅथलिक चर्चमधील लग्नातही धर्मगुरू लग्न लावीत नाही. वधूवर ते संस्काररूपाने एकमेकांना देतात आणि धर्मगुरू व दोन साक्षीदार पाहतात. साक्षी राहणे म्हणजे सर्व पटले असे नव्हे. जे घडले ते खरे मानून आपण घरातच राहिलो, एवढाच त्याचा अर्थ.

येथे व्यवहाराची एक गोष्टही ध्यानात ठेवावी. थायलंडमध्ये केवळ विधीने लग्न कायदेशीर होत नाही; जिल्हा कचेरीत नोंद करावी लागते. आणि १९२८ साली हिंदू पुरुषास अनेक विवाहांची मोकळीक होती, ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने संपली. पूर्वीचा विवाह कायम असता दुसरा करता येत नाही. अशा वेळी कागदपत्रे आधी पाहणे हा मुलांचा संशयीपणा नसून घराची काळजीच होय.

राहता राहिली मनातली सर्वांत अवघड गोष्ट. गेलेल्या आईचे काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या जुन्या लोकांनी शोधून ठेवले होते. दुसरी पत्नी घरात आली, की पहिल्या पत्नीचा टाक करून देवघरात ठेवण्याची चाल कित्येक मराठी घराण्यांत आहे. नवी आली म्हणून जुनी पुसली जात नाही, उलट नवीनेच तिला फूल वाहावयाचे असते. एकीची जागा दुसरीला दिली जात नाही, तर घरात आणखी एक जागा केली जाते. शर्मिष्ठेसाठी होळकरांनी नाव, माहेर आणि सासर अशी तिहेरी जागा केली, ती याच समजुतीने. आणि ज्या घरात नव्या माणसासाठी जागा होऊ शकते, त्या घरात जुन्या मुलांची जागाही कोणी हिरावून घेऊ शकत नाही. दूरच्या देशात सुपारीचे तबक हाती घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाने एवढे मनाशी धरले, तरी त्याचे पाऊल अडखळणार नाही.