केसपेपरच्या खिडकीपलीकडे

सरकारी रुग्णालयात उपचारांची सुरुवात डॉक्टरांपासून होत नाही, केसपेपरच्या खिडकीपासून होते. केईएम असो, जे. जे. असो की पुण्याचं ससून, आधी रांग. अंगात ताप असताना नाव, वय, पत्ता काचेपलीकडच्या कारकुनाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा. रुग्णालयातलं तंत्रज्ञान म्हटलं की शस्त्रक्रिया करणारा रोबोटच डोळ्यांपुढे येतो. सर्वसामान्य रुग्णाच्या लेखी मात्र या खिडकीवरचा बदल मोठा आहे.

ऑक्टोबर २०२२मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ‘स्कॅन अँड शेअर’ सुरू झालं. तिथला क्यूआर कोड मोबाइलनं स्कॅन करायचा, आपल्या ‘आभा’ खात्यातली माहिती पाठवायची, की टोकन मोबाइलवर येतं. आभा म्हणजे १४ अंकी आरोग्य क्रमांक. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा पाया. हे मिशन २७ सप्टेंबर २०२१ला देशभर जाहीर झालं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी जुनी खिडकी चालूच राहायला हवी, हे वेगळं सांगायला नको. पण सांगावं लागतं.

एक्स-रे विभागातला बदल याहून जुना. डार्करूम, ओल्या फिल्मा, त्या उजेडापुढे धरून बघणारे डॉक्टर, हे चित्र मोठ्या रुग्णालयांतून जवळपास गेलं. आता प्रतिमा ‘पॅक्स’ प्रणालीत साठते आणि रेडिओलॉजिस्ट व वॉर्डातले डॉक्टर ती एकाच वेळी पाहू शकतात. यामागे ‘डायकॉम’ हे समान मानक आहे. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि यंत्रनिर्मात्यांच्या संघटनांनी १९८५मध्ये त्याचा पहिला आराखडा काढला; डायकॉम हे नाव १९९३चं. त्याआधी एका कंपनीच्या यंत्राची प्रतिमा दुसरीच्या संगणकावर उघडेल याची खात्री नसे. लेखी नोंदींबाबत अशी शिस्त आपल्याकडे अजून रुजलेली नाही. म्हणून रुग्णालय बदललं की रक्ततपासण्या पुन्हा होतात आणि त्यांचं बिल आपण भरतो!

छातीचा एक्स-रे संगणकानं वाचून क्षयाचे संशयित शोधायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये मान्यता दिली, तीही १५ वर्षांवरील व्यक्तींसाठीच. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या तालुक्याला याचा खरा उपयोग. मात्र संगणक फक्त संशय व्यक्त करतो. निदानासाठी थुंकीची तपासणी लागतेच.

आणि सगळंच संगणकावर ठेवल्यावर संगणकच बंद पडला तर? २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. सुमारे दोन आठवडे देशातल्या या अग्रगण्य रुग्णालयात नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंतची कामं पुन्हा हातानं करावी लागली. सर्व्हर घेताना निविदा निघतात. त्याच्या रखवालीचा विचार नंतर होतो.

वाचकांना एवढंच सांगणं. आभा ऐच्छिक आहे. त्यातल्या नोंदी एका सरकारी कोठारात जमा होत नाहीत, त्या ज्या त्या रुग्णालयातच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना त्या दाखवायला तुमची संमती लागते आणि ती मागेही घेता येते. तेव्हा खिडकीवर कोणी घाईघाईनं ओटीपी मागितला, तर तो कशासाठी हे आधी विचारा. डिस्चार्ज कार्डाची कागदी प्रतही मागून घ्या आणि जपून ठेवा.