वाढवलेला पाटा आणि २५० मीटरांची परीक्षा

तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा असे करीत नांदेडला पोहोचणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ वर आणि त्याला येऊन मिळणाऱ्या गावरस्त्यांवर पिकअप हे आज नित्याचे वाहन झाले आहे. लातूरच्या बाजार समितीकडे निघालेले सोयाबीन आणि तूर, अर्धापूर भागातील केळी, हाळी हंडरगुळीच्या बाजारात खरेदी केलेली जनावरे, लग्नसराईतील मंडपाचे सामान आणि मिरवणुकीतील डीजे या साऱ्यांचा भार याच गाड्या वाहतात. कायद्याच्या परिभाषेत हा मालवाहू वाहनांचा ‘एन-१’ वर्ग होय, म्हणजे गाडीचे स्वतःचे वजन आणि तिच्यावरील माल मिळून साडेतीन टनांच्या आत राहणारे वाहन. या गाड्यांकडे बारकाईने पाहिले असता एक विसंगती ठळकपणे जाणवते आणि तीच प्रस्तुत लेखाचे निमित्त आहे: नोंदणी प्रमाणपत्रात वर्णन केलेली गाडी आणि प्रत्यक्ष रस्त्यावर धावणारी गाडी या पुष्कळदा दोन निराळ्या गाड्या असतात, आणि तरीही योग्यता प्रमाणपत्र एकच असते.

हा फरक जेथे घडतो ती जागा म्हणजे शहराच्या वेशीवरील वेल्डिंगचे आणि पाटेकामाचे दुकान. पाटे म्हणजे मागच्या एक्सलवर कमानीच्या आकारात एकावर एक रचलेले पोलादी पट्टे, जे गाडीचा भार पेलतात आणि रस्त्याचे धक्के शोषून घेतात. येथील कारागीर गाडीचा मागचा भाग जॅकने उचलून चेसिसखाली लाकडी ठोकळे लावतो, पाट्यांची चवड एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल करतो, मधला बोल्ट काढून त्या चवडीत आणखी एक-दोन पाटे सरकवतो आणि लांब यू-बोल्ट घालून सारे पुन्हा आवळतो. हे पाटे अनेकदा मोठ्या ट्रकच्या जुन्या पाट्यांतून मापाला कापून घेतलेले असतात. काम संपल्यावर तो चेसिस आणि एक्सल यांच्यामधल्या जागेत हात घालून अंतर अजमावतो. गाडीचा मागचा भाग किती उचलला गेला हीच त्याची मोजपट्टी असते, आणि तिच्यापुरते पाहिले तर त्याच्या कामात खोट काढता येत नाही. त्याने वाकवलेला पट्टा नेमका बसतो, त्याने मारलेला जोड वर्षानुवर्षे टिकतो, आणि मालकाने जे मागितले तेच त्याने दिलेले असते. पाट्यांपाठोपाठ हौद्याचे फाळके, म्हणजे बाजूच्या आणि मागच्या पत्र्याच्या भिंती, लोखंडी अँगल लावून उंच केले जातात, पुढे जाडजूड संरक्षक नळ्या बसतात, टपावर जादा दिवे आणि बॉनेटखाली कर्कश भोंगा येतो.

या सर्व फेरफारांमध्ये पाट्याचा फेरफार सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत जास्त घातक आहे. त्याचे कारण ब्रेकच्या रचनेत आहे. अनेक पिकअप गाड्यांमध्ये मागच्या ब्रेककडे जाणारा दाब गाडीवरील भारानुसार कमी-अधिक करणारी एक झडप असते आणि ती एका दांडीने मागच्या एक्सलशी जोडलेली असते. गाडी रिकामी असताना मागची चाके ब्रेक लागताच जागच्या जागी अडकून घसरू नयेत म्हणून ही झडप मागचा दाब रोखून धरते. माल भरल्यावर हौदा खाली दबतो, दांडी हलते आणि झडप मागच्या ब्रेकला पुरेसा दाब सोडते. पाटे वाढवले की भरलेल्या गाडीचाही हौदा पूर्वीइतका दबत नाही, परिणामी गाडी ठासून भरलेली असतानाही झडपेच्या लेखी ती हलकीच राहते, मागचे ब्रेक अर्ध्या ताकदीने लागतात आणि थांबवण्याचा बोजा पुढच्या ब्रेकवर पडतो. आडत दुकानासमोर येऊन थांबलेल्या गच्च भरलेल्या गाडीच्या चाकांपाशी जळक्या लायनरचा जो उग्र वास येतो, त्याचे एक कारण हे असते. लायनर म्हणजे ब्रेकमधील घर्षणाचा थर. तो वास म्हणजे गाडीने स्वतः दिलेली तक्रार होय, आणि ती नोंदवून घेण्याची जागा कोणत्याही अर्जात नाही.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्र विसंगत ठरेल असा कोणताही बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीच्या तोंडावर बसवल्या जाणाऱ्या संरक्षक नळ्यांविरुद्ध कारवाई करण्यास केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवले होते. चाकांच्या मागे बाहेर आलेला गाडीचा भाग पुढच्या-मागच्या एक्सलमधील अंतराच्या ६० टक्क्यांहून जास्त असू नये, परावर्तक पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे तांबडी असावी, इतक्या बारकाव्यांपर्यंत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ पोहोचलेले आहेत.

नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याचा प्रसंग म्हणजे योग्यता तपासणी, जिला बोलीभाषेत ‘पासिंग’ म्हणतात. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी हे प्रमाणपत्र घ्यावे लागते. मोटार वाहन निरीक्षक दिवे, परावर्तक, आरसे, काच, वायपर, भोंगा, सायलेन्सर, स्पीडोमीटर आणि स्टिअरिंग पाहतो, धुराचे प्रमाणपत्र तपासतो आणि शेवटी ब्रेकची चाचणी घेतो. या शेवटच्या चाचणीला महाराष्ट्रात एक इतिहास आहे. चाचण्या नावापुरत्या उरकल्या जातात अशी तक्रार घेऊन पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ब्रेकची चाचणी २५० मीटर लांबीच्या पट्ट्यावरच घेतली जावी असा आदेश दिला, आणि पुढे ज्या कार्यालयांकडे असा पट्टा नव्हता तेथील तपासणी २०१७ च्या अखेरीस थांबवावी लागली. तेव्हापासून २५० मीटर हा आकडा वाहनमालक, चालक आणि अधिकारी या सर्वांच्या तोंडी बसला आहे. एका नागरिकाच्या चिकाटीने परिवहन खात्याला जमीन शोधायला लावली, ही गोष्ट लहान नाही.

परंतु त्या २५० मीटरांवर जी गाडी धावते ती बहुधा रिकामी असते. रिकाम्या गाडीत झडपेची फसगत उघडी पडत नाही, लायनर तापत नाही आणि वासही येत नाही. शिवाय पासिंगच्या आदल्या दिवशी गाडी तिच्या मूळ रूपाकडे परत नेली जाते: वाढवलेले फाळके उतरतात, जादा दिवे आणि भोंगा निघतो. डीजेच्या गाड्यांमध्ये हे विशेष स्पष्ट दिसते. चौकोनी नळ्यांचा तो उंच सांगाडा, ज्यावर ध्वनिक्षेपकांची चळत, रोषणाई आणि मागे जनित्र बसते, तो अनेक ठिकाणी वेल्डिंगऐवजी नट-बोल्टवर उभारलेला असतो, कारण तो वेळोवेळी उतरवायचा असतो. सांगाडा निघाला तरी हौद्याच्या तळाला पाडलेली भोके राहतात. रंग फासून ती झाकली असली तरी कडेचा रंग भोवतालच्या रंगाहून ताजा दिसतो आणि बोट फिरवले की पत्र्याची धार लागते. अनुभवी निरीक्षकाला ती भोके वाचता येतात. मात्र भोक हा फेरफाराचा पुरावा असला तरी त्या क्षणी समोर उभी असलेली गाडी नियमात बसत असते, आणि प्रमाणपत्र समोरच्या गाडीला द्यायचे असते.

डीजेविरुद्धची कारवाई प्रामुख्याने आवाजाच्या अंगाने होते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे आणि त्या नियमांवर गणेशोत्सवापासून लग्नापर्यंत चर्चा झडते. गाडीच्या स्थैर्याचा प्रश्न त्या चर्चेत मागे पडतो. हौद्याच्या वर माणसाच्या उंचीहून अधिक उंचीवर अवजड पेट्या रचल्या की गुरुत्वमध्य वर सरकतो, वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो, आणि हे सारे नाचणाऱ्या पोरांच्या गर्दीच्या मधोमध चालते.

तरीही या सर्व फेरफारांना केवळ बेपर्वाई म्हणणे अन्यायाचे ठरेल. १.७ टन क्षमतेची पिकअप म्हणजे १७ क्विंटलांची गाडी. एखाद्या शेतकऱ्याकडे विक्रीसाठी ३० क्विंटल सोयाबीन असेल तर नियमाप्रमाणे दोन खेपा होतात, आणि दुसऱ्या खेपेचे भाडे देण्याची त्याची तयारी नसते. गाडीवाल्याने नकार दिला तर दुसरा गाडीवाला तयार असतो, आणि हप्ता मात्र दर महिन्याला भरायचा असतो. म्हणून पाटा वाढतो. कलम १९४ नुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, म्हणजे २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने पाहिल्यास सुमारे चार क्विंटल सोयाबीनची किंमत एका दंडात जाते. हा दंड कधीतरी होतो, दुसऱ्या खेपेचा खर्च मात्र रोजचा असतो, आणि गाडीवाला रोजचा खर्च आधी वाचवतो. पण १७ च्या जागी ३० क्विंटल भरलेल्या गाडीचे एकूण वजन एक तृतीयांशाहून अधिक वाढते, तेवढ्याच वेगात तिला थांबवायला लागणारी ताकद त्याच प्रमाणात वाढते, आणि ब्रेक, टायर, एक्सल मात्र १७ क्विंटलांचेच राहतात. पाट्याने गाडीची क्षमता वाढत नाही, केवळ ती दबलेली दिसत नाही.

जनावरांच्या वाहतुकीत हीच ओढाताण अधिक करुण रूप घेते. २०१६ पासून लागू असलेल्या नियमानुसार गाय किंवा म्हैस यांना प्रत्येकी २ चौरस मीटर जागा आणि मधे आडोसे असले पाहिजेत. सुमारे ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्यात या हिशेबाने दोनच जनावरे बसतात. माळेगावच्या यात्रेहून किंवा हाळीच्या बाजारातून परतणाऱ्या गाडीत किती जनावरे असतात हे पाहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

तपासणी सुधारण्याचे प्रयत्न चालू आहेत. केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले, ज्यात ब्रेकची ताकद फिरत्या रुळांवर यंत्राने मोजली जाते, आणि हलक्या मालवाहू वाहनांना ही तपासणी सक्तीची करण्याची मुदत एकाहून अधिक वेळा पुढे गेली. यंत्र पक्षपात करीत नाही, हा त्याचा गुण मोठा आहे. परंतु रिकामी आणि सांगाडा उतरवलेली गाडी यंत्रासमोर आली तर यंत्रही तीच गाडी मोजणार. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकाला ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीविना चालवता येते असा निर्णय दिला. तो चालकांच्या पोटापाण्याच्या दृष्टीने योग्यच आहे, पण त्यामुळे सुरक्षिततेची मोठी जबाबदारी गाडीच्या तपासणीवर आली आहे.

उपाय कायद्याच्या बाहेर शोधण्याची गरज नाही. नुसत्या चेसिसवर स्वतंत्रपणे हौदा बांधला जातो तेव्हा पहिल्या नोंदणीच्या वेळी ‘नमुना २२-अ’ भरावा लागतो, आणि त्यात उत्पादकाबरोबर हौदा बांधणाऱ्यालाही गाडी नियमानुसार असल्याचे लिहून द्यावे लागते. म्हणजे पहिल्या दिवशी कायदा कारागिराला ओळखतो, त्याची सही घेतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला विसरतो. पुढच्या प्रत्येक पाटेकामाला आणि बॉडीकामाला अशीच सही बंधनकारक केली, पाटे आणि सांगाड्याचे काम करणाऱ्या दुकानांची नोंदणी केली आणि झडपेचे कार्य समजावून देणारे प्रशिक्षण या कारागिरांना दिले, तर चूक रस्त्यावर येण्यापूर्वी दुकानाच्या दारातच अडवता येईल. त्याच्या जोडीला हंगामाच्या दिवसांत बाजार समित्यांच्या वजनकाट्यांवर भरलेल्या गाड्यांची तपासणी झाली पाहिजे. परवानगी घेण्याची जागाही जवळ हवी. उदगीरला आता स्वतंत्र परिवहन कार्यालय झाले आहे. किनवट-माहूरसारख्या टोकाच्या तालुक्यांतील गाडीवाल्यालाही फेरफाराची रीतसर परवानगी एका दिवसाचे भाडे न बुडवता मिळाली पाहिजे.

२५० मीटरांचा पट्टा न्यायालयात लढून मिळवावा लागला, म्हणून त्याचे मोल मोठे आहे. आता त्या पट्ट्यावर रस्त्यावर चालते तीच गाडी, तिच्या रोजच्या भारासह, धावली पाहिजे. तोवर गाडीमालकांना एवढेच सांगणे आहे की जास्त माल वाहायचा असेल तर जास्त क्षमतेची गाडी घ्यावी, आणि १७ क्विंटलांच्या गाडीत १७ क्विंटलच भरावेत.