पंखा फिरतो, पडदा काळा

पंखा फिरतो, कॅबिनेटवरचा दिवा लागतो, मॉनिटर मात्र काळाच. सुटे भाग आणून घरी जोडलेल्या कॉम्प्युटरची ही तक्रार गेली तीसेक वर्षं जशीच्या तशी दुरुस्तीवाल्यांपुढे येते आहे. कारणं मात्र दर पाच-सात वर्षांनी बदलत गेली.

ती शोधणं छोट्या गावात जास्त अवघड. कणकवली तालुक्यातलं तळेरेच घ्या: चौरस्त्यावरचं गाव. मुंबई-गोवा महामार्गावरून इथे एक रस्ता पश्चिमेला विजयदुर्गाकडे उतरतो, दुसरा वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्याला आणि पुढे कोल्हापूरला जातो. रस्ते भरपूर, पण सुट्या भागांचा मोठा बाजार एकाही रस्त्यावर जवळ नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात रॅमचा संशय आला, तर समोरच्या दुकानातून दुसरी आणून लावून बघतात. दोन मिनिटांत निकाल. तळेऱ्यात तीच रॅम कोल्हापूरहून घाट उतरून यायची किंवा मुंबईहून रात्रीच्या गाडीने. अंदाज चुकला तर पुन्हा तेवढीच वाट. म्हणून ‘लावून बघू’ ही शहरी पद्धत इथे परवडत नाही. आधी डोकं चालवायचं, मग स्क्रू-ड्रायव्हर.

१९९० च्या दशकातली मशीन जोडणाऱ्याची परीक्षाच घेत. जुन्या एटी पद्धतीच्या पॉवर सप्लायमधून मदरबोर्डाला दोन वेगळे प्लग जात, पी-८ आणि पी-९. दोन्ही दिसायला सारखे. काळ्या वायरी मधोमध शेजारी-शेजारी आल्या तर ठीक. उलटे बसले तर बोर्डाची राख. या पॉवर सप्लायच्या, म्हणजे एसएमपीएसच्या, पाठीमागे एक लाल बटण असे, ११५ आणि २३० व्होल्टचं. कुणीतरी उत्सुकतेने ते ११५ वर सरकवलं की मशीन सुरू करताच मोठा आवाज आणि जळका वास. हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह एकाच केबलवर असले तर जंपर लावून एकाला मास्टर, दुसऱ्याला स्लेव्ह ठरवावं लागे. दोघांनाही मास्टर केलं की बहुधा दोन्ही दिसेनासे होत.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात मुंबईचा जुना कॉम्प्युटरही येऊ लागला. मुंबईत चालणारं मशीन गावात मुकं का होतं, याचं उत्तर बहुतेक वेळा प्रवासात असे. धक्क्यांनी रॅम किंवा डिस्प्ले कार्ड खाचेतून केसभर उचललेलं असे. काढून पुन्हा घट्ट बसवायचं, झालं काम.

त्या काळी मशीन निदान बोलत तरी असे. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली रीत अशी, की बटण दाबल्यावर बायोस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम, आधी मशीनची तपासणी करतो आणि बिनसलेलं स्पीकरच्या बीपमधून सांगतो. एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. काहीच आवाज नाही, हे सर्वांत वाईट.

ते वाईट २६ एप्रिल १९९९ ला आशियातल्या असंख्य घरांत एकाच दिवशी घडलं. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या तारखेला जागा झाला. विंडोज ९५ आणि ९८ च्या मशीनमधली हार्ड डिस्क तो पुसत होता, आणि काही मदरबोर्डांवर थेट बायोसच खराब करत होता. बायोस गेला की तपासणी करणारंच कुणी उरत नाही. अशा वेळी तशाच बोर्डाच्या चालू मशीनमध्ये, वीज सुरू असतानाच बायोसची चिप बदलून नव्याने लिहिण्याचा धाडसी उपाय काही कारागीर करत. हात थरथरला तर दोन्ही बोर्ड कामातून गेले.

२००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम आला आणि छोट्या गावांतही ओळीने मांडलेले असेंबल्ड कॉम्प्युटर दिसू लागले. त्याच वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागाला लोडशेडिंगने ग्रासलं. लाईट जाते, येते, पुन्हा जाते. प्रत्येक फटका आधी एसएमपीएस खातो. भरीला जगभर निकृष्ट कपॅसिटरांची साथ होती. प्रोसेसरशेजारचे ते छोटे डबे वरून फुगत आणि मशीन तीन-चारदा बटण दाबल्याशिवाय उठत नसे. पेंटियम ४ बरोबर प्रोसेसरसाठी चार पिनांचा वेगळा प्लग आला. जुन्या सवयीचे लोक तो लावायलाच विसरत: पंखे फिरत, पडदा काळा.

या सगळ्यावर कोकणचा पावसाळा. चार महिने दमट हवा, किनाऱ्याकडे खारं वारंही. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर चढतो आणि संपर्क तुटतो. पेन्सिलचा खोडरबर हे त्यावरचं अख्ख्या महाराष्ट्राचं औषध. जाणकार नाकं मुरडतात, कारण घासून घासून सोन्याचा मुलामा झिजतो. तरी या एका रबराने जितकी मशीन उठवली, तितकी कुठल्याही महागड्या उपकरणाने उठवली नसतील. मे महिन्यातली आणि परतीच्या पावसातली वीज हा आणखी एक गुन्हेगार. लोक गडगडाट सुरू होताच प्लग काढत, पण टेलिफोनची तार मोडेममध्ये तशीच राही. वीज तिथूनच आत शिरे. अशा वेळी आधी मोडेम कार्ड काढून बघायचं, ही तेव्हाची इथली शहाणी सवय.

दोष शोधायची खरी पद्धत मात्र एवढ्या वर्षांत बदललेली नाही. प्लग काढायचा, कारण एटीच्या जागी आलेल्या एटीएक्स पद्धतीचं मशीन बंद दिसलं तरी बोर्डावर पाच व्होल्ट जिवंत असतात. मग प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम एवढंच ठेवून बाकी सगळं सोडवायचं. प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसेल तर डिस्प्ले कार्ड राहू द्यायचं. एवढ्यावर चित्र आलं, तर एकेक भाग परत लावत जायचं. नाहीच आलं, तर बोर्ड खोक्याबाहेर पुठ्ठ्यावर ठेवून बघायचा. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली चुकीच्या जागी बसलेला एखादा पितळी टेकू (स्टँडऑफ) ही शॉर्ट करतो. मदरबोर्ड गेल्याचा निकाल सगळ्यात शेवटी द्यायचा. दुकानांत नेमका तोच सर्वांत आधी दिला जातो, हे गिऱ्हाइकाचं दुर्दैव.

२०२० च्या टाळेबंदीत शहरातली पोरं गावच्या घरून काम करू लागली. त्यांच्या, म्हणजे आताच्या, मशीनचे दोष वेगळेच. डिस्प्ले कार्ड घेतलेलं असतं, पण मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या भोकात. किंवा नव्या प्रोसेसरला जुना बायोस ओळखतच नाही. २०२२ च्या एएम-५ बोर्डांवर तर डीडीआर-५ रॅम पहिल्यांदा जुळवून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात. पडदा काळा असतो आणि मालक घाबरून बटण दाबून ते काम अर्ध्यावर मोडतो. बऱ्याच बोर्डांवर आता बीपच्या जागी चार बारीक दिवे आहेत: प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले, बूट. जो दिवा पेटून राहील तिथे बघायचं.

तेव्हा खोका गाडीत घालून घाट चढण्याआधी ते दिवे बघा, केबल तपासा, रॅम काढून पुन्हा बसवा आणि मशीनला दहा मिनिटं द्या. आणि पाऊस लागायच्या आत वायरमन बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या.