बारा तारखेचा हुकूम, चौदाची दिवाळी

2020ची दिवाळी 14 नोव्हेंबरला, शनिवारी होती. गुरुवारी तेलंगणा उच्च न्यायालयाने राज्यभर फटाक्यांवर बंदी घातली आणि दुकाने बंद करायला सांगितले. शुक्रवारी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश सौम्य केला: जिथे हवा बरी आहे तिथे हरित फटाके, तेही दोनच तास. कोरोनाचे दिवस होते, न्यायालयाची काळजी खोटी नव्हती. पण आदिलाबादपासून हैदराबादपर्यंत ज्यांनी परवाने काढून, पैसे गुंतवून माल मांडला होता, त्यांनी दोन दिवसांत दोन कायदे पाहिले.

आपली फटाकाबंदी बहुतेकदा अशीच धापा टाकत येते. 2023मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आधी संध्याकाळी 7 ते 10 ची मुभा दिली आणि ऐन धनत्रयोदशीला ती 8 ते 10 वर आणली. 2025मध्ये दिल्लीला हरित फटाक्यांची सवलत मिळाली 15 ऑक्टोबरला, दिवाळी 20ला. माल मात्र दसऱ्याच्या कितीतरी आधी सिवकाशीहून ठरलेला असतो.

खरे तर शहाणपण बरेच जुने आहे. फटाक्याचा आवाज चार मीटरवर 125 डेसिबलच्या आत हवा, हा नियम 1999चा. पण सुतळी बॉम्बची वात पेटल्यावर चार मीटर मोजून यंत्र धरणार कोण? 18 जुलै 2005च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्री 10 ते सकाळी 6 आवाजी फटाके बंद केले, हे सगळ्यांना आठवते. त्याच निकालाने आणखी एक सांगितले होते: फटाका आवाजावरून तपासण्यापेक्षा आतल्या रसायनांवरून तपासणे आपल्याकडे जास्त जमण्यासारखे आहे. म्हणजे कारखान्यातच अडवा. माझ्या मते सगळ्या निकालांतले कामाचे वाक्य हेच, आणि दुर्लक्ष झाले तेही त्याच्याकडेच.

23 ऑक्टोबर 2018ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने फटाक्यांतले बेरियम गेले, लांबलचक माळा गेल्या, ऑनलाइन विक्री गेली. नियम मोडला तर ठाणेदार जबाबदार. हरित फटाके तयार केले नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने, आणि स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या पेसोचे मुख्यालयही नागपूरलाच. म्हणजे आदिलाबादहून राष्ट्रीय महामार्ग 44 धरला, पैनगंगा ओलांडली की दोन्ही दारे एकाच गावात. तरीही 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बेरियमबंदी पुन्हा बजावावी लागली.

एक गोष्ट सांगायलाच हवी. आदिलाबाद जिल्ह्यातली सगळी दिवाळी फटाक्यांची नाही. गोंड पाड्यांवर त्या दिवसांत दंडारी निघते, मोरपिसांचे टोप घालून घुसाडी नाचतात, आवाज तुडुम आणि पेपरेचा. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलवाईच्या कनक राजूंना याच नाचासाठी 2021ला पद्मश्री मिळाली. सुतळी बॉम्बचा प्रश्न मुख्यतः शहराचा आहे.

आणि शहरात तो सुटला तर दुकानापाशीच सुटेल. तात्पुरत्या दुकानांचे नियम 2008पासून स्पष्ट आहेत: न जळणाऱ्या साहित्याची शेड, दोन दुकानांत तीन मीटर, समोरासमोर तोंडे नकोत, एका ठिकाणी पन्नासच्या वर नकोत. 29 ऑक्टोबर 2016ला, नरकचतुर्दशीला, औरंगाबादच्या जिल्हा परिषद मैदानावर शंभराहून जास्त दुकाने एकाला एक लागून होती. एकात ठिणगी पडली आणि बघता बघता अख्खा बाजार जळाला.

अमावास्येच्या रात्री साडेदहाला पोलिसांची गाडी गल्लीत शिरते तेव्हा पोरे पांगलेली असतात आणि हाती लागतो तो लाल कागदाचा कचरा. त्यावरून कुणावर गुन्हा दाखल करणार? परवान्याचा अर्ज कचेरीत येतो तेव्हा मात्र माणूस, जागा आणि माल तिन्ही सापडतात. तेव्हाच खरेदीची बिले मागावीत, पेटी फोडून हरित फटाक्यांवरचा क्यूआर कोड तपासावा, गोदामात माळ दिसली तर अर्ज तिथेच फेटाळावा. हे काम भाद्रपदात करायचे आहे, आणि त्याला न्यायालयाच्या नव्या हुकमाची गरज नाही.