हिवतापाच्या काचपट्टीवरील नर-माद्या

नांदेड-लातूरकडच्या आरोग्य केंद्रात तापकऱ्याची रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली येते, तेव्हा जंतू आहे का आणि असल्यास व्हायवॅक्स की फाल्सिपेरम, एवढेच ठरवायचे असते. फाल्सिपेरमची चंद्रकोरीच्या आकाराची लैंगिक रूपे दिसली तर त्यांचीही नोंद होते. त्यांत नर किती, मादी किती, हे मात्र कुणी मोजत नाही. पातळ लेप नीट रंगला असेल तर फरक कळतो: मादी निळसर, केंद्रक आटोपशीर, नर गुलाबीसर, केंद्रक पसरट. ही मोजणी कमी हिवतापाच्या प्रदेशातच जास्त बोलकी ठरेल, असे मला वाटते. डासाच्या पोटात एका नरापासून आठपर्यंत नर-युग्मके सुटतात, मादीपासून एकच. रक्तातले सारे जंतू एकाच वाणाचे असतील (कमी हिवतापात बहुधा तसेच असते) तर भावाभावांच्या चढाओढीत जास्तीचे नर वायाच जातात, म्हणून माद्यांचे पारडे जड राहते. उत्क्रांतिशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी 1967 मध्ये मांडलेला हा तर्क हिवतापालाही लागू पडतो. वाण अनेक झाले की नर वाढवणे फायद्याचे. सारा रीस आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये उंदरांच्या हिवतापात तसेच घडताना दाखवले. म्हणजे नरांचे प्रमाण पाहून एका रुग्णात किती वाण मिसळलेत, याचा अंदाज बांधता यावा.

यावर आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. रक्तक्षय झाल्यावर शरीरात वाढणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकामुळेही नर वाढतात, असे कोंबड्यांच्या व उंदरांच्या हिवतापात दिसले आहे. शिवाय लैंगिक रूपेच विरळ असली, तर डासाच्या इवल्याशा घोटात एखादा तरी नर जावा म्हणून प्रमाण वर सरकते. तेव्हा नुसत्या आकड्यावर विसंबून चालणार नाही. शेजारी हिमोग्लोबिन आणि लैंगिक रूपांची एकूण संख्या हवीच. एका पट्टीवर त्या चंद्रकोरी मोजक्याच सापडतात, हेही खरे. म्हणून हंगामभराच्या पट्ट्या एकत्र धराव्या लागतील. झटपट तपासणीच्या किटवर तर यातले काहीच दिसत नाही. कामाने आधीच वाकलेल्या तंत्रज्ञावर हा भार टाकावा, असे मी म्हणणार नाही. पॉझिटिव्ह पट्ट्यांची फेरतपासणी जिथे होते, तिथे तो पेलेल. नजर तयार करायला उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची मदत घेता येईल: पारव्यांमधल्या हिमोप्रोटिअस या हिवतापाच्या जंतूच्या नातलगाची लैंगिक रूपेच रक्तात फिरतात, त्यामुळे नर-मादी ओळखण्याचा सराव तिथे सोपा. एक अट मात्र पाळायलाच हवी: पट्टी प्रायमाक्विन देण्याआधीची हवी, कारण ते औषध नेमकी हीच रूपे मारते.