दुसरी वायर

“छत्री तीच राहील, काकू. फक्त अजून एक वायर ओढावी लागेल.”

२०१२ च्या मे महिन्यात देवरुखच्या आमच्या घरी आलेल्या मुलाने कौलांवर चढण्याआधी आईला एवढंच सांगितलं. खांद्याच्या पिशवीत काळ्या वायरीचं भेंडोळं, पाने, पक्कड, कनेक्टरांची पुडी आणि हातात सिग्नल मोजायचं मीटर. वायरीबद्दल आईचं काही म्हणणं नव्हतं, पण नुकत्याच रंगवलेल्या भिंतीला आणखी एक भोक पडणार म्हणून ती नाराज होती. मी नवा टीव्ही आणला होता आणि त्यावर एचडी चित्र दिसावं म्हणून बॉक्स बदलून घेत होतो. नव्या बॉक्सला रेकॉर्डिंगची सोय होती ती वरची भर, असं मी धरून चाललो होतो. पुढच्या दहा वर्षांत उलटंच घडलं. चित्राचं कौतुक पंधरा दिवसांत ओसरलं आणि घराचा दिवस बदलला तो त्या दुसऱ्या वायरीने.

पहिली वायर असताना दुसरी कशाला, हे त्या मुलाने मला कौलांवरूनच ओरडून समजावलं. छत्रीच्या पुढे दांडीवर जो छोटा डबा असतो तो एलएनबी. उपग्रहाकडून येणारी लहर १२ गिगाहर्ट्झच्या आसपासची असते. ती वायरीतून आत आणायला गेलं तर वाटेतच विरून जाईल. म्हणून एलएनबी तिला कमी कंपनाच्या, वायरीला पेलणाऱ्या लहरीत उतरवतो. लहरी दोन पद्धतींनी येतात, उभ्या आणि आडव्या. त्यांतली कुठली हवी ते बॉक्स वायरीतूनच वर कळवतो; १३ व्होल्ट पाठवले तर उभी, १८ पाठवले तर आडवी. म्हणजे एक वायर एका वेळी एकच निरोप नेते. एक वाहिनी पाहायची आणि त्याच वेळी दुसरी साठवायची, तर बॉक्समध्ये ट्यूनर दोन हवेत आणि प्रत्येकाची वर जाणारी वायर वेगळी हवी. पहिल्या वायरीच्या शेजारून दुसरी खाली आली, आणि एका छत्रीखाली दोन कार्यक्रम नांदू लागले.

ही छत्री मला नेहमीच नवलाची वाटत आली आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावाजवळ आर्वी हे गाव आहे. विक्रम साराभाईंचं नाव दिलेलं, परदेशांशी उपग्रहामार्फत बोलणारं भू-केंद्र तिथे १९७१ साली सुरू झालं. त्याच्या तबकडीचा व्यास सुमारे ९७ फूट. त्यानंतर १९७५-७६ साली ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांनी उपग्रहावरून थेट दूरचित्रवाणी पाहिली, ती जाळीच्या दहा फुटी तबकड्या उभारून. आमच्या कौलांवरची छत्री दोन फुटांची आहे. उपग्रह तेवढाच दूर, विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीला. फरक पडला तो त्याच्या ताकदीत आणि लहरीच्या लांबीत. आर्वीशी बोलणारे उपग्रह अशक्त होते आणि त्यांच्या लहरी सात-आठ सेंटिमीटरच्या होत्या; ‘साइट’च्या लहरी तर पस्तीसेक सेंटिमीटरच्या. आजचे सगळी शक्ती आपल्या देशावर एकवटतात आणि त्यांची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची आहे. लहर जितकी आखूड, तितकी ती गोळा करायला लहान ताटली पुरते.

कोकणातल्या कुठल्याही गल्लीत उभं राहून छत्र्यांची तोंडं पाहावीत. टाटा स्कायचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला, व्हिडिओकॉन डीटूएचचा ८८ ला, डीडी फ्री डिशचा ९३.५ ला, डिश टीव्हीचा ९५ ला, एअरटेलचा १०८ ला. आपण ७३-७४ अंशांवर. म्हणून सगळ्या छत्र्या आग्नेयेला तोंड करून बसलेल्या दिसतात. अनोळखी गावात दिशा चुकली तर मी अजूनही छतांकडे बघतो.

त्या मुलाचं खरं कसब वर होतं. खांब ओळंब्यात आहे का ते त्याने आधी पाहिलं. खांब तिरका असेल तर पुढचं सगळं माप फुकट जातं. मग नट अर्धवट सैल ठेवून छत्री केसभर डावीकडे, केसभर वर. आमच्याकडे हापूसची एक फांदी आडवी येत होती. “आज चालेल काकू, पण पावसात पानं भिजली की हीच फांदी नडेल,” असं तो म्हणाला. आंब्याचे दिवस संपले नव्हते. आईने फांदीवरचे सात-आठ आंबे उतरवून घेतले आणि मग कोयती चालवायला परवानगी दिली.

पावसाने त्याचं म्हणणं खरं केलं, फांदी नसतानाही. अडीच सेंटिमीटरची लहर पावसाच्या थेंबांत शोषली जाते, विखुरते. घाटमाथ्यावरून काळं आभाळ उतरलं की चित्राचे चौकोन पडतात, आवाज अडखळतो आणि पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते. नियोजनात थोडं बळ राखून ठेवलेलं असतं, त्यावर रिमझिम पाऊस निभावतो. जुलैच्या धारेपुढे ते राखीव बळ संपतं. रेकॉर्डिंगच्या बॉक्सने यातही एक गंमत आणली. पावसात जे साठलं ते पावसासकट साठलं. आईच्या यादीत अशी एक कीर्तनाची नोंद होती, ज्यात बुवा उत्तररंगात येतात आणि मधली चार मिनिटं नुसते चौकोन. ती नोंद तिने कधी पुसली नाही. तो कुठल्या दिवशीचा पाऊस होता ते तिला आठवत असे.

भारतात घरच्या छत्रीला रेकॉर्डिंगची जोड मिळाली ती २००८ मध्ये, टाटा स्काय प्लसने. त्या बॉक्समध्ये १६० जीबीची हार्ड डिस्क होती. दोन वर्षांनी, २०१० साली, एचडी आलं. त्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शननेही एचडीत दाखवल्या. मग ह्या दोन गोष्टी एका बॉक्समध्ये आल्या आणि डिस्क ५०० जीबीची झाली. ती तेवढी व्हावीच लागली. जुन्या चित्राची एक चौकट ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंची. पूर्ण एचडीची १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदूंची. बरोबर पाचपट. दाबून लहान करण्याच्या नव्या पद्धतीने हा बोजा पुष्कळ हलका केला, तरी सेकंदाला आठ मेगाबिट धरले तर तासाला ३.६ जीबी जागा लागते. ५०० जीबीत असे सव्वाशे-दीडशे तास मावतील.

एचडीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण ही चूक मी कितीतरी घरांत पाहिली आहे. बॉक्स एचडी, टीव्ही एचडी, महिन्याचा आकार एचडीचा, आणि दोघांना जोडलेली वायर मात्र जुनी, पिवळ्या-लाल-पांढऱ्या टोकांची. त्या पिवळ्या वायरीतून जुनंच चित्र जातं. रुंद पडद्यावर ते ताणलं जातं, माणसांचे चेहरे फुगतात, आणि घरातली माणसं “आता बघ किती मोठं दिसतंय” म्हणून समाधान मानतात. एचडीएमआयची एक वायर लावली की ते चित्र उघडतं. पातळाच्या काठावरची बुट्टी दिसते, खेळपट्टीवरची भेग दिसते. मराठी वाहिन्या एचडीत यायला मात्र २०१६ उजाडलं. म्हणजे आमच्या घरात पहिली चार वर्षं एचडी म्हणजे क्रिकेट आणि जंगलातले प्राणी एवढंच होतं.

आईने बॉक्स हाताळायला शिकायला दोन दिवस घेतले. रिमोटवरचं लाल बटण एकदा दाबलं तर आजचा भाग साठतो आणि सगळी मालिका निवडली तर रोजचा आपोआप साठतो, हे तिला समजलं त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातून बाहेर डोकावणं थांबवलं. तोवर तिची सगळी संध्याकाळ दोन खोल्यांच्या उंबऱ्यावर जात असे. मराठी मालिकांची वेळ सात ते दहा आणि घराघरांत भाकऱ्या थापायची वेळही तीच. तव्यावर भाकरी टाकायची, उंबऱ्यापर्यंत यायचं, एक संवाद ऐकायचा, भाकरी उलटायला परत जायचं. वडील आणि आम्ही मुलं पुढ्यात बसून पूर्ण भाग पाहायचो, आणि तिला मधलं काय झालं ते सांगायचाही आम्हाला कंटाळा यायचा. हे लिहिताना मला लाज वाटते. दुपारी दोन वाजता, भांडी आवरून, खुर्चीवर बसून, पाय वर घेऊन आईने कालचा भाग पाहिला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं तिने एकही भाग सलग पाहिलेला नव्हता.

चालू कार्यक्रम थांबवता येतो, हे तिला आणखी आवडलं. बॉक्स चालू असेपर्यंत डिस्क समोर दिसणारं सगळं मागल्या मागे लिहीत असते, म्हणून शेजारीण दारात आली की चित्र गोठवता येतं आणि ती गेली की तिथूनच पुढे. व्हीसीआरच्या काळात यासाठी कॅसेट घाला, वेळ लावा, आणि नेमकी वीज जायची. १९९९ साली अमेरिकेत टिव्हो नावाच्या यंत्राने फितीच्या जागी डिस्क बसवली आणि लिहिता लिहिता वाचणं शक्य झालं. वीज तरी आमच्याकडे जातच होती. इन्व्हर्टरची एक जोडणी आईने पंख्याकडून काढून बॉक्सला देवविली.

त्रास नव्हते असं नाही. कार्यक्रमपत्रिकेतली वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ यांत दोन-तीन मिनिटांचा फरक पडे, आणि कापली जात ती नेमकी शेवटची मिनिटं. बॉक्सवर आईने क्रोशाचा रुमाल घातला होता. “काकू, ह्याला श्वास घेऊ द्या, आत चक्की फिरते,” असं सांगून त्या मुलाने तो काढायला लावला. ती चक्की रात्री ऐकू येत असे, निजानीज झाल्यावर, बारीक घरघर. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायने वाहिनीगणिक दराची पद्धत आणली आणि आमची यादी कागदावर बसून नव्याने करावी लागली. जोडणीशुल्काच्या हिशेबात एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांएवढी धरली जाई. आईने एका झटक्यात एचडीतल्या बऱ्याचशा वाहिन्या काढून टाकल्या. रेकॉर्डिंगला हात लावू दिला नाही.

सगळ्यात मोठी अडचण उशिरा कळली. वडिलांनी साठवलेली एक नोंद होती, १६ नोव्हेंबर २०१३ ची. वानखेडेवर वेस्ट इंडीजविरुद्धची आपली दोनशेवी कसोटी संपल्यावर सचिन बोलला, ती. वडील गेल्यावर ती पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावी असं मला वाटलं. ते होत नाही. बॉक्स चित्र साठवतो ते उपग्रहाकडून येतं तसं कुलूपबंद, आणि उघडायची किल्ली त्या बॉक्सच्या कार्डाशी बांधलेली असते. डिस्क काढून संगणकाला लावली तर संगणकाला ती कोरी वाटते. रिचार्ज संपला की आपणच साठवलेलं आपल्यालाही दिसत नाही. प्रसारणाचे हक्क ज्यांनी पैसे मोजून घेतले त्यांची बाजू मला समजते. पण आमच्या दिवाणखान्यात, आमच्या विजेवर दहा वर्षं फिरलेल्या तबकडीवरचा तो दिवस आमच्या मालकीचा नाही, हे मला अजूनही पटलेलं नाही. सचिनचं भाषण इतरत्र शंभर ठिकाणी मिळेल. वडिलांनी ते साठवताना रिमोट चाचपडल्यामुळे सुरुवात तुटलेली, ती प्रत कुठेच मिळणार नाही.

दरम्यान काळही सरकला. २०२० च्या सुमारास देशात पैसे भरून चालणाऱ्या छत्र्यांची जोडणी सात कोटींच्या घरात होती. आता ती सहा कोटींच्या खाली आली आहे. मोबाइलवर हवं ते हवं तेव्हा मिळू लागल्यावर साठवून ठेवण्याची गरज पुष्कळांना उरली नाही. नवे बॉक्स इंटरनेटला जोडतात आणि त्यांच्या पोटात चक्की नसते. उपग्रह मात्र नवे जात आहेत. २०२२ च्या जूनमध्ये सोडलेला जीसॅट-२४ हा सबंध टाटा प्लेसाठी, म्हणजे पूर्वीच्या टाटा स्कायसाठी, राखलेला आहे.

आमच्या बॉक्सची घरघर मागच्या वैशाखात बदलली. मधेच टक्‌ असा आवाज येई आणि चित्र क्षणभर अडके. डिस्क आता जाणार, बॉक्स बदलून घ्या, पण रेकॉर्डिंगवाला आता मिळणार नाही, असं फोनवर सांगण्यात आलं. न्यायला माणूस चौथ्या दिवशी येणार होता.

आईच्या यादीत तेव्हा एकसष्ट नोंदी होत्या, त्यांतल्या चाळीसएक पाककृतींच्या. कोकणातल्या नव्हेत, घावन आणि सांदणं तिला कोणी शिकवायची गरज नाही. तिने जपलेलं सगळं घाटावरचं आणि त्याच्याही पलीकडचं होतं: खानदेशी शेवभाजी, सोलापुरी शेंगदाण्याची चटणी, वऱ्हाडातलं भरीत. तिने माझी जुनी दोनशे पानी वही काढली, चष्मा लावला आणि टीव्हीपुढे पाट घेऊन बसली. एक वाक्य ऐकायचं, चित्र थांबवायचं, लिहायचं, पुन्हा चालू करायचं. डिस्क अडकली तर वाट पाहायची. तीन दिवस तिने स्वयंपाक माझ्यावर सोपवला.

ती वही आता फडताळात, मसाल्याच्या डब्याशेजारी असते. तिच्यात छत्तीस पाककृती पूर्ण आहेत. सदतिसावी पुरणाच्या मांड्यांची. कणीक सैल भिजवून, तिंबून दोन तास झाकून ठेवायची, इथवर लिहिलं आहे. त्याखाली आईच्याच अक्षरात “बॉक्सवाला आला” आणि तारीख.