गिअर उशिरा पडतोय?
टोयोटा लँड क्रूझर ८० मालिकेतल्या ए४४२एफ ऑटोमॅटिकचा गिअर उशिरा, झटक्याने पडू लागला, म्हणून लगेच गिअरबॉक्स उघडू नका. आधी गाडी तापवून, इंजिन चालू ठेवून तेलाची पातळी पाहा. जळका वास आला तर दुखणं आतलं. तेल ठीक असेल तर संशय थ्रॉटलच्या केबलवर घ्यावा. ती जास्त ताणलेली असली, की गिअरबॉक्सला अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबल्यासारखं वाटतं, तेलाचा दाब वाढतो नि गिअर लांबतो. इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर केबलवरचा मणी रबरी टोपीच्या टोकापासून ० ते १ मिलिमीटरवर हवा. अंदाजाने सैल मात्र मुळीच करू नका: दाब घटून क्लच घसरतात, जळतात. मोठे टायर बसवले असतील, तरी गिअर जास्त वेगावर पडतो. तो बिघाड नव्हे.